गाडीला ऊन लागतं

आमच्या ढोकीत गाडीला प्लास्टिक नसतं. प्लास्टिक बादलीला, मगाला, लग्नातल्या खुर्च्यांना. तेच गाडीला लागलं की त्याचं फायबर होतं. बंपर फायबरचा, मडगार्ड फायबरचं, आरशाचं टोपण फायबरचं. बार्शी-लातूर रस्त्याच्या कडेला गॅरेज टाकून बसलेला मिस्त्री फुटलेल्या बंपरवर बोटाने टकटक करून सांगतो, "फायबर हाय सायेब, काई होत न्हाई त्येला." समोर दोन तुकडे दिसत असूनही आपल्याला धीर येतो. दुकानात कामाला असलेला मुलगा सोयरिकीच्या बोलण्यात 'बिझनेसमध्ये' असतो, तसंच हे.

मी घेतलेल्या गाडीत मात्र फायबरही नव्हतं. विकणाऱ्याने तो शब्द तोंडातून काढलाच नाही. तो 'सॉफ्ट टच' म्हणाला. गाडी जर्मन, अकरा वर्षांची, मुंबईत समुद्रकाठी लाडात वाढलेली. नवी होती तेव्हा तिच्या किमतीत आमच्याकडे विहिरीसकट बागायत रान आलं असतं. मला ती एका नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. एवढी उतरण कशामुळे, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या माणसाला पडला असता. मलाही पडत होता, तेवढ्यात विकणाऱ्याने माझं बोट धरून डॅशबोर्डवर दाबलं. बोट किंचित आत गेलं आणि सोडल्यावर ती जागा हळूच वर आली. "बघा साहेब," तो म्हणाला, "लोणी आहे लोणी." लोण्याचं उन्हात काय होतं हे ढोकीच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पण मी त्या वेळी पुण्यात होतो.

गाडी घेऊन गावाकडे निघालो. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी करत येडशी ओलांडली, तोवर माझं मनातल्या मनात अण्णांच्या चेहऱ्यावरचं कौतुक तीन वेळा पाहून झालं होतं. प्रत्यक्षात अण्णांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मग ती वाजवून पाहायला लागले.

हे वाजवून पाहणं आमच्या भागातलंच आहे. ढोकीपासून तेर जवळ. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी ठोकायचं थापटणं हातात घेतलं, एकेका संताच्या डोक्यावर हाणलं आणि कोण भाजलेलं, कोण कच्चं ते सांगितलं, ही गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असते. नामदेवमहाराज त्या परीक्षेत कच्चे निघाले, तिथे बाकीच्यांचं काय! तेव्हापासून या पंचक्रोशीत कुठलीही वस्तू वाजवून घेतात. माठ, कलिंगड, नारळ, घराची भिंत आणि शक्य असेल तर जावईसुद्धा. अण्णांनी बॉनेट वाजवलं, दार वाजवलं. दोन्ही ठिकाणी समाधानकारक आवाज आला. मग आत वाकून त्यांनी डॅशबोर्डवर बोटाचं पेर मारलं. काहीच नाही. पुन्हा मारलं.

"आवाजच न्हाई की रं ह्याला."

"मऊ आहे अण्णा. मुद्दाम केलंय."

"मऊ? कशापायी?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गाडीच्या डॅशबोर्डवर कुणी झोपत नाही. त्याला टेकून कुणी बसत नाही. वर्षाकाठी दोन-चार वेळा पुसताना हात लागतो तेवढाच. मग तो मऊ कशाला हवा?

नंतर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं, की श्रीमंत गाडी आणि गरीब गाडी यांच्यात प्लास्टिक कमी-जास्त नसतं. दोन्हींत ते भरपूर असतं. फरक एवढाच, की गरीब गाडीतलं प्लास्टिक आपण प्लास्टिक असल्याचं कबूल करतं. श्रीमंत गाडीत त्याच कडक साच्यावर फोमचा थर असतो, त्यावर कातड्याची नक्षी उठवलेली पातळ साल असते, आणि बटणांवर, दाराच्या मुठीवर, कपाच्या खोबणीभोवती एक मखमली रंगाचा हात मारलेला असतो. तो रंग केसाएवढाही जाड नसतो आणि सगळी ऐट तेवढ्यातच असते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही असं म्हणतात. इथे तर नेमकं पैशाचंच सोंग प्लास्टिकच्या अंगावर चढवलेलं असतं.

पूर्वीच्या ऐटीला असं सोंग लागत नव्हतं. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक अजून दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघते. तिचा पत्रा म्हणजे पत्राच. ती जुनी होते, तिचं काही विरघळत नाही. राजांचं सोडा. आमच्याकडे पुढारी फिरायचे त्या पांढऱ्या ॲम्बेसेडरला २०१४ साली कारखाना बंद होईपर्यंत कुणी मऊपणाचा आरोप केला नाही. आणि एसटीच्या ड्रायव्हरसमोरचा तो करडा पत्रा? त्यावर नारळ फुटलेले मी पाहिलेत.

पहिल्याच उन्हाळ्यात गाडीला काकवी सुटली.

याला दुसरा शब्द नाही. आई देवदर्शनाला म्हणून पुढे बसली, तिने काच खाली करायचं बटण दाबलं आणि बोट उचललं तर बटणही थोडं वर आलं. तिने बोट नाकाशी नेलं. "काकवी खाऊन बसलं होतं का रं कुणी हितं?" ऊसपट्ट्यातल्या बाईला चिकट म्हटलं की आधी काकवीच आठवणार. संशय थेट माझ्या पुतण्यावर गेला. त्याने आदल्या दिवशी गुऱ्हाळावरून येताना गाडीत बसून काहीतरी खाल्लं होतं हे खरं होतं. त्याला बोलणी बसली. ओल्या फडक्याने पुसलं, तरी चिकटच. पुतण्याला दुसऱ्या दिवशी आणखी बोलणी बसली. चौथ्या दिवशी मागच्या दाराची मूठही चिकट लागली. तिथे तो बसलाच नव्हता. तेव्हा त्याची सुटका झाली; माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही.

दोष मुंबईचा होता आणि रसायनाचा होता. बटणांवरचा तो मखमली रंग पॉलियुरेथेनचा. पॉलियुरेथेन म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्यांतल्या काही जातींच्या कड्यांना पाणी चालत नाही. पाणी म्हणजे बादलीभर नव्हे, हवेतली वाफ पुरते. समुद्रकाठची दमट हवा वर्षानुवर्षं एकेक कडी सोडवत बसते. उकाडा असला की कामाला आणखी वेग येतो. सुटलेल्या कड्यांचा मग ना घट्ट रंग उरतो, ना पातळ. पाकाचा दाणा धरायचा राहून गेला की कढईत जे उरतं, ते. माझ्या गाडीने दमट हवा मुंबईत दहा वर्षं खाल्ली आणि ओकारी ढोकीत येऊन काढली. बंद गाडी उन्हात उभी असली की डॅशबोर्डचं तापमान सत्तर अंशांच्या वर जातं. एवढ्यात तर माणूसही चिकटेल.

हे दुःख माझ्या एकट्याचं नाही, हे कळल्यावर बरं वाटलं. इटलीच्या फेरारी नावाच्या लाल, बुटक्या गाड्या, ज्यांच्या किमतीत आमच्या शिवारातलं अर्धंअधिक रान यावं, त्यांच्याही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांची बटणं अशीच चिकट होतात. जगभर त्यांचे मालक ती काढून नव्याने रंगवून घेतात. फेरारीवाला आणि मी, दोघांचीही बोटं शेवटी काकवीतच.

उपाय पुतण्यानेच सुचवला. करोनाच्या दिवसांत आणलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून घरोघर पडल्या आहेत. २०२० साली राज्यातल्या कितीतरी साखर कारखान्यांनी मळीपासून स्पिरिट काढून त्याचं सॅनिटायझर केलं होतं. म्हणजे उसापासूनच निघालेलं काहीतरी या काकवीला उतारा ठरणार होतं. काट्याने काटा, म्हणून मला पटलं. फडकं भिजवून पहिलं बटण घासलं. चिकटा काळा होऊन फडक्यावर आला. दुसरं, तिसरं. तासाभरात सगळी बटणं कोरडी, स्वच्छ, गुळगुळीत झाली. आणि कोरी झाली. पंख्याचं चित्र, काचेवरची वाफ घालवायचं चित्र, दिव्याचं चित्र हे सगळं त्या रंगातच कोरलेलं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत दुधी प्लास्टिक. रात्री दिवे लागले की पूर्वी फक्त चित्रं उजळायची, आता अख्खी बटणं उजळतात. पोळ्याच्या बाजारात लावलेल्या दिव्यांच्या माळेसारखा डॅशबोर्ड दिसतो.

तेव्हापासून गाडी अंदाजाने चालते. बायको थंड हवेसाठी बटण दाबते आणि चारही बाजूंचे दिवे लुकलुकायला लागतात. मागचा ट्रकवाला घाबरून थांबतो. मुरूडच्या अलीकडे एकदा तिने तीन बटणं लागोपाठ दाबली आणि मागच्या काचेचा वायपर सुरू झाला. या गाडीला मागे वायपर आहे हे तोवर आम्हांला माहीत नव्हतं.

(हे करायचंच असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावं, फडक्यावर घ्यावं, बटणावर ओतू नये, आणि चित्रांची बटणं सोडून द्यावीत, ती रंगवून घेणाऱ्याकडे न्यावीत. पेट्रोल आणि थिनर लावून पाहणाऱ्याचं प्लास्टिकच विरघळतं. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीन घातलेलं असतं, ते मागे राहतं आणि पुन्हा चिकटतं. हे सगळं मला नंतर कळलं.)

आतलं मुंबईने नेलं, तर बाहेरचं ढोकीने.

गाडीच्या खालच्या अंगाला, चाकांच्या कमानींना, खिडक्यांच्या कडेला, बंपरच्या खालच्या ओठाला काळं प्लास्टिक असतं. पुण्यातले डिटेलिंगवाले त्याला ट्रिम म्हणतात. आमचा मिस्त्री अर्थातच फायबर म्हणतो. हे बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतं. इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली ते नीट घडवून दाखवलं आणि पुढे १९६३ साली त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत नोबेल मिळालं. नोबेलाचं कौतुक बाजूला ठेवून सांगायचं तर मांडवातल्या खुर्च्याही त्याच पॉलिप्रोपिलीनच्या. गाडीच्या ओठाचं आणि मांडवाच्या खुर्चीचं गोत्र एक. खुर्चीचं काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अंगणात राहिलेली खुर्ची आधी भुरी पडते, मग तिच्यावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते, आणि एक दिवस नेमका वजनदार पाहुणा बसल्यावर तिचा मागचा पाय फाकतो. ऊन प्लास्टिकच्या वरच्या थरातल्या साखळ्या तोडत जातं. पृष्ठभागावर बारीक बारीक भेगा पडतात, त्यांत उजेड विखुरतो आणि काळं ते पांढरट दिसायला लागतं. थंडीत कातडी उलते आणि पोरं पायाच्या नडगीवर नखाने नाव लिहितात, ते पांढरं उमटतं ना? अगदी तसंच.

कंपन्यांना हे ठाऊक असतं. म्हणून त्या प्लास्टिकमध्ये काजळी मिसळतात. खरोखरची काजळी, कार्बन ब्लॅक. उन्हाचा मारा ती स्वतःच्या अंगावर घेते. पोराला दृष्ट लागू नये म्हणून आई काजळाची तीट लावते, तसं कारखानदार अख्ख्या ट्रिमला काजळ फासतो. शिवाय उन्हाने सुरू होणारी तोडफोड अडवणारी काही औषधंही त्यात घालतात. पण औषध म्हटलं की ते कधीतरी संपणार. माझ्या गाडीचं संपलं होतं. गाळपाच्या दिवसांत ऊसपट्ट्यात अंगणातल्या धुण्यावरसुद्धा काजळी येऊन बसते. तेवढी जर योग्य जागी बसली असती तर माझे पैसे वाचले असते.

गाडीच्या कडा राखाडी दिसायला लागल्या तेव्हा गावातल्या प्रत्येकाने मला उपाय सांगितला. आमच्याकडे डॉक्टर कमी आहेत, पण उपायांची टंचाई कधी पडली नाही. एकाने बुटाचं पॉलिश सांगितलं. ते मी लावलं. पावसाच्या पहिल्या सरीला ते पांढऱ्या दारावरून ओघळलं आणि गाडी रडल्यासारखी दिसू लागली. मिस्त्रीने हीट गन आणली. गरम हवेने प्लास्टिकच्या आतलं तेलकट द्रव्य वर येतं आणि रंग परततो, हे त्याचं म्हणणं खरं निघालं. मागचा बंपर खरोखर नव्यासारखा काळा झाला. मग त्याचा फोन वाजला. तो बोलत राहिला आणि बंदूक एकाच जागी राहिली. आता त्या जागी बंपरला खळी पडते. "फायबर हाय," तो म्हणाला, "आपोआप जाग्यावर यील." दोन वर्षं झाली.

आईचा उपाय सगळ्यांत साधा होता. उललेल्या कातडीला काय लावतात? तेल. तिने करडईच्या तेलाचा टोप आणून दिला. करडई म्हणजे आमच्या भागाची शान. ज्वारीच्या रानाला करडईचा काटेरी पट्टा घातला की गुरं आत शिरत नाहीत. जुन्या लुगड्याच्या फडक्याने मी गाडीला अभ्यंग घातलं. आणि काय सांगू! भेगा तेलाने भरल्या, उजेड विखुरायचा थांबला, कडा चकचकीत काळ्या झाल्या. मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, फोटो काढले.

तो ग्रामपंचायतीच्या निकालाचा दिवस होता, एवढी एकच गोष्ट मी विसरलो होतो.

दुपारी मिरवणूक आमच्या गल्लीत आली. निवडून आलेल्या पॅनेलशी आमच्या घराचं बरं-वाईट काहीच नव्हतं, पण गुलाल घर पाहून उधळला जात नाही. वाजंत्री दारापुढे दहा मिनिटं थांबली. नंतर मी गाडी धुवायला घेतली. पत्र्यावरचा गुलाल सहज गेला. तेल लावलेल्या काळ्या कडांवरचा मात्र गेला नाही. उद्या बघू म्हटलं. उद्या आणि परवा कडक ऊन पडलं.

करडईचं तेल वाळतं. शेंगदाण्याचं तेल तेल राहतं, पण करडईचं हवेत उघडं राहिलं की हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. म्हणूनच चित्रकार तैलरंगांत ते वापरतात, विशेषतः फिकट रंगांसाठी, कारण ते जवसाच्या तेलाइतकं पिवळं पडत नाही. म्हणजे रंगाला लागणारी भुकटी मिरवणुकीने दिली, तेल मी दिलं, आणि उन्हाने पुढचं काम केलं. मी माझ्या जर्मन गाडीला नकळत गुलाबी ऑइलपेंट मारून बसलो होतो. पुढचे कित्येक महिने बार्शीच्या पेट्रोल पंपावर लोक मला "कुणाचा गट?" विचारायचे. तेरच्या वळणावर तर एकाने गाडी थांबवून रस्त्याच्या कामाबद्दल निवेदन दिलं.

निवेदन मी घेतलं. नाही कसं म्हणणार? आणि तेरच्या रस्त्याची तक्रार जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणांत, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, तेरचा 'तगर' म्हणून उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे, आणि इथलं कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं, असं त्यात लिहून ठेवलंय. इतकी जुनी लेखी तक्रार दुसऱ्या कुठल्या गावाकडे असेल असं वाटत नाही.

गाडी थांबलीच होती, म्हणून आम्ही तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात गेलो. अण्णा बरोबर होते. तिथली मातीची खेळणी, दिवे, मणी पाहत ते हस्तिदंती बाहुलीपाशी थांबले. वीतभरही नाही ती. तिच्याशी सारखेपणा असलेली दुसरी बाहुली १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. अण्णा बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते. "किती जुनी म्हन्लास?" "दोन हजार वर्षं." "हिला काय लावत्यात?" "काही नाही अण्णा." त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे पाहिलं. बोलले काही नाहीत, तेवढं बरं.

मी त्यांना सांगायला हवं होतं, की वस्तुसंग्रहालयांतसुद्धा प्लास्टिकची दैना होते. जुन्या प्लास्टिकच्या बाहुल्या काचेच्या कपाटात असूनही चिकट होतात, कारण त्यांना मऊ करायला घातलेलं तेलकट द्रव्य आतून पाझरून अंगावर येतं. नील आर्मस्ट्राँगचा चंद्रावरचा पोशाख अमेरिकेत मुद्दाम गारव्यात जपून ठेवावा लागतो. त्याच्या आतलं रबर कडक होऊन तडकतं. चंद्रावर जाऊन आलेला पोशाख टिकत नाही आणि तेरच्या कुंभाराने चिखलातून काढलेला बैल टिकतो. पक्कं भाजलेलं आणि मऊ केलेलं, असा तो फरक असावा. मऊपणा मुळात वरून घातलेला असतो, आणि वरून घातलेलं ते आधी निघून जातं. माझ्या गाडीत अजून धडधाकट काय आहे म्हणाल, तर ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते: सीटखालचं कडक खोकं, बॉनेटखालचं झाकण, स्टेपनीची पेटी. त्यांना कुणी लोणी म्हटलं नव्हतं.

यथावकाश गाडीचं छतही उतरलं. छताच्या कापडामागे फोमचा पातळ थर असतो, तो भुगा होऊन सुटतो आणि कापड लोंबायला लागतं. मी टाचण्या लावल्या. चुलतभावाने आत बसून वर पाहिलं आणि म्हणाला, "दादा, मांडव पडलाय, आता तारीख काढा."

अखेर लातूरला डिटेलिंगचं काम शिकलेला एक पोरगा गाठला. वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने एक शब्द न बोलता गाडीभोवती फिरून गुलाबी कडा पाहिल्या, खळी पाहिली, कोरी बटणं पाहिली. डॉक्टर नाडी धरून गप्प बसतो तेव्हा पोटात गोळा येतो, तसं झालं. मग त्याने जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला राग आला. कपड्याच्या पावडरने गाडी धुवायची नाही, गाडीचा सौम्य शॅम्पू घ्यायचा. रंगाला वॅक्स करताना काळ्या कडांवर आधी कागदी टेप लावायची, कारण वॅक्स खडबडीत प्लास्टिकमध्ये शिरून पांढरं होतं आणि मग निघत नाही. तेल, पॉलिश, डिझेल काहीही लावायचं नाही. पाण्यात बनवलेलं, उन्हापासून राखणारं ट्रिमचं द्रव्य मिळतं, ते पातळ लावायचं आणि जास्तीचं लगेच पुसायचं. चकाकलं म्हणजे जास्त झालं. ते काही आठवडे टिकतं. सिरॅमिकचा थर दिला तर वर्षभर किंवा त्याहून जास्त, पण तो गुलाबीवर देता येत नाही. आतल्या मोडक्या पट्ट्या मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांच्या निघालेल्या मिळतात. "पण त्यापण तेवढ्याच वयाच्या असतात काका," तो म्हणाला. "चिकटायच्याच."

"मग खरा उपाय काय?"

"सावली," तो म्हणाला.

सावली म्हणजे कडुनिंबाखाली लावायची, असं मी समजलो. तो हसला. झाडाखाली पाखरांची विष्ठा, चीक, पाला. छप्पर पाहिजे, आणि समोरच्या काचेला आतून आडोसा.

छप्पर होतं. गोठा होता. बैल विकून आठ वर्षं झाली तरी अण्णांनी तो पाडू दिला नव्हता. भिंतीत दावणीच्या खुंट्या, वर पाचटाचं शेकारलेलं छप्पर, आत भर उन्हाळ्यातसुद्धा गार. गावाकडे मुक्काम असला की गाडी तिथेच उभी राहते. बैलांच्या जागी दीडशे घोडे आले, असं मी एकदा म्हणालो. बैल उन्हाने चिकटत नव्हते, असं आई म्हणाली.

अण्णांना वस्तू राखायचं वेड आहे हे तेव्हा मी विसरलो होतो. आमच्या घरी टीव्हीचा रिमोट आला त्याच दिवशी त्यांनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबराने बांधला. टीव्ही तीनदा बदलला. तो पहिला रिमोट अजून पिशवीत आहे, त्याचं एक बटण चिकट नाही, एक चित्र पुसलेलं नाही. मी त्यांना यावरून आयुष्यभर हसत आलो. एका सकाळी मी पुण्याला निघायला गोठ्यात गेलो तर डॅशबोर्ड दिसेना. त्यावर गोधडी पसरलेली होती. आईच्या जुन्या पातळांची, जाड, हाताने शिवलेली, दोन्ही टोकं दारांपर्यंत आणून नीट खोचलेली. काचेला लावायचा तो चंदेरी पडदा मी घेणारच होतो, पण गोधडीतून ऊन जात नाही, वाफ कोंडत नाही आणि सुती असल्याने कशाला चिकटत नाही. डिटेलिंगवाल्या पोराला फोटो पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

चुलती वाटेत भेटली, तिने काचेतून पाहिलं. "गाडीला ताप आला का रं?"

"न्हाई," अण्णा मागून म्हणाले, "ऊन लागंल म्हनून."

चालवताना गोधडी काढून मागच्या सीटवर ठेवावी लागते, कारण तिची टोकं कोऱ्या बटणांवर येतात, आणि आता त्यांचा अंदाज आम्हांला नुकता कुठे यायला लागलाय. पुण्यात पोचल्यावर मी ती पुन्हा पसरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी दोन तास तिरपं ऊन येतं. पहिल्या रात्री वॉचमनने काचेवर हळूच टकटक केली आणि उत्तर येत नाही असं पाहून मला फोन केला, की साहेब, तुमच्या गाडीत कुणी म्हातारं माणूस झोपलंय का, पांघरूण दिसतंय.

मी म्हटलं, असू दे. उठवू नका.